अर्धवट आहे, मान्य

"खेळू की थांबू?" सर्वेशने पुन्हा विचारलं, तेव्हा त्याची बायको रुचिरा लाटणं हातात घेऊनच मागे वळली.

"सर्वेश, तुझं लग्न झालंय. तुला नोकरी आहे. डोक्यावरचे केस मागे सरकायला लागलेत. आणि तू मला विचारतोयस, शनिवारी गेम खेळू का म्हणून?"

"तसं नाही गं. खेळायचा तर आहेच. पहिल्या दिवशी खेळायचा की पूर्ण झाल्यावर, हा प्रश्न आहे."

"पूर्ण झालेला नाही तर तो विकतात कशाला?"

हाच प्रश्न त्याचा मित्र सुबोधही गेला आठवडाभर विचारत होता, फक्त जास्त वाईट शब्दांत.

सर्वेश पेडणेकर अंधेरीला एका विमा कंपनीत होता आणि ठरवणं ही गोष्ट सोडली तर त्याला सगळं जमत असे. हॉटेलात गेला की तो मेन्यूकार्ड शेवटच्या पानापर्यंत वाचायचा आणि मग वेटरला विचारायचा, "तुम्ही काय घेतलं असतं?" चपलांच्या दुकानात तो एका पायात तपकिरी आणि एका पायात काळी घालून इतका वेळ उभा राहायचा की इतर गिऱ्हाइकं त्यालाच आठ नंबर मागायची. आता त्याच्यासमोर थॉर्नफेल होतं.

थॉर्नफेल हा ऑनलाइन खेळ. जगभरातली हजारो माणसं एकाच वेळी त्याच डोंगरांत, त्याच जंगलांत हिंडायची, टोळ्या करून राक्षसांशी लढायची. सर्वेश, सुबोध आणि श्वेता कॉलेजात असताना तो खेळायचे, मुलुंड पूर्वेला सागरकृपा सोसायटीत, तळमजल्यावरच्या भाऊंच्या सायबर कॅफेत. तिघं सागरकृपाचेच. सर्वेश पहिल्या मजल्यावर, सुबोध दुसऱ्या, श्वेता तिसऱ्या. खेळात सर्वेश ढाल घेऊन पुढे उभा राहायचा, सुबोध मागून बाण मारायचा आणि श्वेता दोघांच्या जखमा बऱ्या करायची. ऐन लढाईत तिसऱ्या मजल्याच्या खिडकीतून तिच्या आईची हाक यायची, "श्वेते, कुकर लाव!" आणि सर्वेश आणि सुबोध राक्षसासमोर आपापल्या जखमा घेऊन मरून पडायचे.

पुढे तो खेळ कंपनीने बंद केला. शेवटच्या दिवशी तिघं नोकऱ्यांमधून वेळ काढून भाऊंकडे जमले होते. खेळातल्या बंदरावर शेकडो माणसं नुसती उभी होती. कुणी लढत नव्हतं. मग पडदा काळा झाला. तिघांचे चेहरे बघून भाऊंनी हळूच विचारलं, "कोण गेलं रे?"

त्यानंतर भाऊ सायबर बंद करून गावी गेले. मग सागरकृपाच पाडली. रीडेव्हलपमेंट. सभासद मिळेल तिथे भाड्याने पांगले. सर्वेशचं बिऱ्हाड भांडुपला गेलं, सुबोध घाटकोपरला, श्वेता लग्न होऊन बोरिवलीला होतीच, तिची आई तिच्याकडे गेली. नव्या इमारतीची तारीख आधी एका दिवाळीची होती, मग एका पाडव्याची, मग बिल्डर तारखेऐवजी "लवकरच" म्हणायला लागला. तिघं मित्र एकमेकांना वाढदिवसाला केकची चित्रं पाठवत. भेट अशी होत नसे.

आणि आता थॉर्नफेल नव्याने येणार होतं. शनिवारी सकाळी दहा वाजता. फक्त ते पूर्ण झालेलं नव्हतं, आणि कंपनीने तसं मोकळेपणाने सांगूनही टाकलं होतं. अर्धा नकाशा कोरा. घोडे नाहीत. समुद्र आहे, पण त्यात उतरता येत नाही. ज्यांनी आधी चाचणीसाठी खेळून बघितलं ते सांगत होते की किल्ल्यातले जिने हवेत संपतात आणि भिंतीवर धडकलं तर माणूस पलीकडे निघतो.

"वर्षभर थांबायचं," सुबोधने तिघांच्या ग्रुपवर बजावलं होतं. तो सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये होता. इतरांच्या चुका शोधण्याचाच त्याला पगार मिळे आणि घरीही तो तेच काम फुकट करी. "अर्धवट माल आहे. पहिल्या दिवशी जाणारे सगळे उल्लू."

"मला उल्लूच व्हायचंय," श्वेताने उलट लिहिलं. "मागच्या वेळी आपण उशिरा पोचलो होतो, आठवतंय ना? दोन वर्षं उशिरा. सगळ्यांना सगळे रस्ते पाठ होते. आपण विचारलं की लोक हसायचे. पहिल्या दिवशी कुणालाच काही माहीत नसतं यार. मला एकदा तरी तसं जायचंय."

मग दोघांनी एकदमच लिहिलं, "सर्वेश, तू सांग."

सर्वेशने आधी रुचिराला विचारलं. मग आईला विचारलं. नलिनीबाई कोथिंबीर निवडत होत्या. "नाव काय म्हणालास?"

"थॉर्नफेल."

"नावातच फेल आहे, पूर्ण कसा होणार?" असं म्हणून त्या पुन्हा कोथिंबिरीकडे वळल्या.

शुक्रवारी दुपारी ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये सर्वेशचा निर्णय झाला. कसा झाला हे त्यालाही कळलं नाही. समोर भेंडीची भाजी होती, शेजारी दोन सहकारी कुठल्याशा मीटिंगबद्दल बोलत होते, आणि अचानक त्याला भाऊंच्या सायबरमधला तो वास आला. गरम झालेल्या मॉनिटरचा, उदबत्तीचा आणि बाहेर तळल्या जाणाऱ्या भज्यांचा. श्वेता हसली की तिची खुर्ची करकरायची, तो आवाजही आला. आपल्याला घोडे नकोत, समुद्रही नको, हे त्याला एकदम उमगलं. त्याला त्या दोघांच्या मध्ये बसायचं होतं. त्याने मोबाईल काढला आणि भराभर लिहिलं:

"मंडळी, खूप विचार केला. अर्धवट आहे, मान्य. जिने मध्येच संपतात, पाण्याचं काम राहिलंय, काही भिंतींतून माणूस सरळ आरपार जातो. पण पूर्ण होईपर्यंत वाट बघत बसलो तर आपण म्हातारे होऊ. उद्या सकाळी दहाला गेट उघडलं की मी आत शिरणार. आता मागे हटणार नाही. जुनी माणसं एकत्र आली की बाकीचं आत गेल्यावर बघून घेऊ. कोण कोण येतंय?"

श्वेताने तिघांच्या ग्रुपला नाव दिलं होतं 'सागरकृपा' आणि वर जुन्या इमारतीचा फोटो लावला होता. सोसायटीच्या सभासदांच्या ग्रुपचंही नाव होतं 'सागरकृपा' आणि वर तोच फोटो होता, कारण जुन्या इमारतीचा बरा आलेला फोटो एवढा एकच होता. सोसायटीचा ग्रुप सर्वेशने सुप्रभातच्या फुलांना कंटाळून कधीच आवाज बंद करून ठेवला होता. निर्णय घेतल्याच्या भरात त्याने वरचं 'सागरकृपा' दाबलं, बाण दाबला, आणि ट्रेनिंगसाठी मोबाईल जमा करून हॉलमध्ये जाऊन बसला.

संध्याकाळी मोबाईल परत मिळाला तेव्हा सुबोध आणि श्वेताकडून काहीच नव्हतं. आयुष्यात एकदा काहीतरी ठरवलं तर कुणी साधा अंगठासुद्धा पाठवू नये, याचं त्याला फार वाईट वाटलं. तेवढ्यात दादूकाकांचा फोन आला.

दादूकाका तांबे म्हणजे सागरकृपातले सगळ्यात जुने सभासद. एके काळी लालबागच्या गिरणीत होते. इतकी वर्षं मुंबईत काढूनही त्यांची मालवणी तसूभर बदललेली नव्हती.

"सर्वेशा, तू माका रडवलंस रे बाबा."

"काय झालं काका?"

"म्हातारे होतलंव म्हणान लिवलंस ना? आमी म्हातारे झालंव रे! पण कोणी बोलाक नाय. तू बोललंस ता बरां केलंस. उद्या मी येतंय. सगळ्यांत पयलो मी आत जातलंय."

सर्वेश गोंधळला. "काका, तुम्ही... तुम्हीपण खेळणार?"

"जिवावर खेळतलंय!" दादूकाका गरजले आणि फोन बंद झाला.

ऐंशीच्या घरातल्या माणसाला थॉर्नफेल कसं कळलं याचा विचार करत सर्वेश घरी पोचला. दार नलिनीबाईंनी उघडलं. त्यांच्या एका हातात मोबाईल होता आणि दुसऱ्या हातात पदर, तो डोळ्यांना लावलेला.

"तुझे बाबा असते तर आज त्यांना किती बरं वाटलं असतं," त्या म्हणाल्या. "मी त्यांना नेहमी म्हणायचे, आपला सर्वेश काही ठरवत नाही. आज बघ, सगळ्या सोसायटीसाठी ठरवलंस."

त्यांनी मोबाईल पुढे केला. सर्वेशने वाचलं. आधी स्वतःचा निरोप, मग त्याखाली सोसायटीचे सगळे सभासद. बदलापूरहून येतोय. दोघं येतोय. पाय दुखतोय पण येतोय. सर्वेश तू पुढे हो. एकीने तर मुठीचं चित्र आणि दुधाच्या पातेल्याचं चित्र शेजारी शेजारी टाकलं होतं.

"वाट लागली," सर्वेश म्हणाला.

रुचिराने त्याच्या खांद्यावरून वाचलं. ती पहिल्यांदा गंभीर झाली, मग तिने तोंडावर हात दाबला, मग ती स्वयंपाकघरात निघून गेली. आतून बराच वेळ कुकरच्या झाकणासारखा आवाज येत होता.

सर्वेशने सोसायटीचे सेक्रेटरी जयवंतकाका सावंत यांना फोन लावला. जयवंतकाका अत्यंत सभ्य गृहस्थ. ते बिल्डरला भेटायला जाताना पेढे नेत.

"काका, तो निरोप चुकून गेला. ते आपल्या इमारतीबद्दल नव्हतंच. ते गेमबद्दल होतं."

"माहीत आहे रे," जयवंतकाका आवाज खाली आणत म्हणाले. "बिल्डरचा गेमच करायचाय. पण फोनवर असं बोलू नकोस."

"तसला गेम नाही काका! कॉम्प्युटरवरचा!"

"सर्वेश." जयवंतकाकांचा आवाज एकदम वेगळा झाला. "आता तू माघार घेतोयस का? दादूने इस्त्रीचा सदरा काढून ठेवलाय. त्याची बायको, आपल्या तांबेवहिनी, वारल्या त्या भाड्याच्या खोलीतच. नव्या घरात दूध मी उतू घालणार म्हणायच्या. मी इतकी वर्षं बिल्डरला फक्त विनंत्या केल्या रे. आज पहिल्यांदा कुणीतरी आमच्या वतीने 'मी आत शिरणार' म्हणालं. मी गणपतीचा भोंगा काढून ठेवलाय. आता तू नाही म्हणू नकोस."

सर्वेशने नाही म्हटलं नाही. हो म्हटलं असंही नव्हे, पण जयवंतकाकांनी तोवर फोन ठेवला होता.

मग सुबोधचा फोन आला. "सर्व्या, माझे बाबा उद्या मोर्च्याला येतायत. नेता तू आहेस म्हणे. मला एकच सांग, जिने मध्येच संपतात हे थॉर्नफेलमधलं ना?"

"हो रे."

पलीकडे काही वेळ नुसतंच खिंकाळणं ऐकू आलं. "भिंतीतून आरपार! अरे देवा! आणि उद्या दहालाच लाँच आहे. म्हणजे तू ठरवलंस शेवटी, आणि जाणार कुठे तर मुलुंडला!"

"तू ये रे उद्या. मी एकटा काय करू?"

"येतो. बाबांना आणायचंच आहे. श्वेताचापण फोन होता, ती आईला घेऊन निघतेय. झकास! पहिल्या दिवशी जायची तिची हौस फिटेल."

शनिवारी सकाळी सागरकृपाच्या जागेसमोर पत्र्याच्या कुंपणाशी जुनी इमारत जिवंत झाल्यासारखी वाटत होती. दादूकाका कडक इस्त्रीच्या सदऱ्यात, घडीची खुर्ची काखोटीला मारून सगळ्यांत आधी हजर होते. पहिल्या मजल्यावरच्या बायका एकमेकींचे केस पांढरे झालेले बघून एकमेकींना हसत होत्या. नलिनीबाईंनी पातेलं, दूध आणि छोटा गॅस आणला होता. कुणी तुळशीचं रोप आणलं होतं. आत जाऊन ठाण मांडायचं की बाहेर घोषणा द्यायच्या, याबद्दल एकमत नव्हतं, पण डबे सगळ्यांनी आणले होते.

श्वेता रिक्षातून उतरली आणि आईला आधार देता देताच तिने सर्वेशच्या पाठीत धपाटा घातला. "काय नेते! बारीक झालास की."

"तू अजून तशीच हसतेस," सर्वेश म्हणाला. त्याला आणखी काहीतरी म्हणायचं होतं, पण तेवढ्यात जयवंतकाकांचा भोंगा सुरू झाला.

"हॅलो. हॅलो. माइक टेस्टिंग. प्रसाद घेतल्याशिवाय कुणी जाऊ नये... सॉरी. बिल्डरने बाहेर यावं. कृपया."

वॉचमनने आतून कडी घातली. "साहेबांनी सांगितलंय, कुणाला सोडायचं नाही."

"मगे आमी हंयच बसतंव," म्हणत दादूकाकांनी गेटच्या बरोबर मध्ये खुर्ची उघडली आणि बसले. त्यांच्या मागे इतरही बसायला लागले. समोरून वाळूचा ट्रक आला आणि थांबला. त्याच्या मागे शाळेची बस थांबली. हॉर्न वाजायला लागले. आपल्या एका बोटाच्या चुकीमुळे नवघर रस्ता अडणार, हे सर्वेशला दिसलं. तो उभा राहून सगळ्यांना खरं सांगायला तोंड उघडणार, एवढ्यात गेटची छोटी खिडकी उघडली आणि पिवळं हेल्मेट घातलेला एक तरुण माणूस बाहेर डोकावला. साइट इंजिनिअर यज्ञेश.

"तुमच्यात सर्वेश पेडणेकर कोण?"

सगळ्यांनी एकाच दिशेला बोट दाखवलं. यज्ञेशने सर्वेशला खिडकीजवळ ओढलं आणि इकडेतिकडे बघत विचारलं, "सर, जिन्याचं तुम्हाला कुणी सांगितलं?"

"कुठल्या जिन्याचं?"

"आता असं नका ना करू सर. तुमचा मेसेज फिरत फिरत मला पण आलाय. बी विंगचा जिना वर जाऊन भिंतीला भिडतो, हे फक्त तिघांना माहीत होतं. मध्येच प्लॅन बदलला, त्यात झालं. आम्ही तोडून नवा घालणारच होतो. आणि ती भिंत! दोन फ्लॅटच्या मधली भिंत राहूनच गेलीय, हे मला स्वतःला परवा कळलं. मी एका फ्लॅटमध्ये मापं घ्यायला शिरलो आणि दुसऱ्याच्या संडासात निघालो."

सर्वेश त्याच्याकडे बघतच राहिला. काय बोलावं हे त्याला नेहमीप्रमाणे ठरवता येईना. त्याचं हे न ठरणं यज्ञेशला भलताच करारीपणा वाटला. त्याचा चेहरा उतरला.

"पाण्याचं पण कळलंय तुम्हाला," तो खचून म्हणाला. "थांबा सर. साहेबांशी बोला."

त्याने फोन लावून सर्वेशच्या कानाला लावला. इतकी वर्षं जयवंतकाकांना "लवकरच" म्हणणारा बिल्डर पलीकडून लोण्यासारखं बोलत होता. "पेडणेकरसाहेब, घरातली गोष्ट घरात ठेवू या ना. तुम्ही म्हणाल तसं. जिना सोमवारपासून तोडायला घेतो. पाइपचं पण बघतो. तुम्हाला काय हवंय, बोला."

सर्वेशने मागे वळून बघितलं. दादूकाका खुर्चीत ताठ बसले होते. आईने पातेलं पोटाशी धरलं होतं. हॉर्न वाजतच होते.

"यांना आत यायचंय," तो म्हणाला. "आज. आणि यापुढे दर महिन्याला एकदा, काम बघायला."

"एवढंच ना? सोड रे त्यांना, यज्ञेश!"

गेट उघडलं तेव्हा जयवंतकाका इतके बावरले की त्यांनी भोंग्यावरूनच "आभारी आहोत" म्हटलं. ट्रक गेला, बस गेली, मुलांनी खिडकीतून हात हलवले. रुचिरा सर्वेशच्या शेजारी येऊन चालायला लागली.

"काय म्हणालास त्याला?"

"काहीच नाही."

"मला वाटलंच," ती म्हणाली आणि तिने त्याचा हात धरला.

हेल्मेटं कमी पडली, म्हणून यज्ञेशने सगळ्यांना फक्त गाड्या चढायच्या उतारावरून दुसऱ्या मजल्यापर्यंत नेलं. त्याच्या वर जायला मनाई. सगळे वर आले. भिंती नव्हत्याच. नुसती लांबरुंद लादी, खांब, आणि चारही बाजूंनी वारा. समोरच्या सोसायटीतलं शेवग्याचं झाड तेवढं ओळखीचं होतं.

मग हळूहळू बायका पांगल्या. "हे बघ, झाड इथून असं दिसायचं, म्हणजे हे माझं स्वयंपाकघर." "छे गं, तुझं पलीकडे. इथे माझी बाल्कनी. इथून नाही का मी तुला विरजण द्यायची?" कुणी पावलं टाकून खोल्या मोजल्या. नलिनीबाईंनी एका खांबापाशी गॅस पेटवला, दूध ठेवलं आणि तांबेवहिनींची आठवण काढून ते उतू जाऊ दिलं. दादूकाकांनी ते बघितलं. मग झाडाकडे तोंड करून त्यांनी एक जागा निवडली, सदरा काढून त्याची घडी घातली, ती उशाला घेतली, आणि "हंय माझी खाट होती" म्हणून आडवे झाले. बघता बघता ते घोरायला लागले.

"सर," यज्ञेश सर्वेशच्या कानाशी कुजबुजला. "यांना एक सांगायचं राहिलं. हा मजला फ्लॅटचा नाही. पार्किंगचा आहे. फ्लॅट याच्या खूप वर सुरू होतात. काकांच्या जागी टेम्पो उभा राहणार आहे."

सर्वेशने सगळीकडे नजर टाकली. श्वेताची आई एका अदृश्य खिडकीतून खाली बघत होती. सुबोधचे बाबा नसलेल्या दाराला टेकायला गेले, सावरले आणि स्वतःशीच हसले.

"आज सांगायचं नाही," सर्वेश ताबडतोब म्हणाला. वेटर, बायको, आई, कुणालाही न विचारता.

डबे उघडले. दुपार कलली तरी कुणी निघायचं नाव घेईना. सर्वेश आणि श्वेता सिमेंटच्या गोणींशी गेले, तर तिथे सुबोध एका गोणीवर लॅपटॉप ठेवून, पाठ करून बसलेला. पडद्यावर थॉर्नफेलची पाटी होती आणि खाली लिहिलं होतं, 'आपण रांगेत आहात.'

"सुब्या!" श्वेता ओरडली. "वर्षभर थांबायचं ना?"

सुबोध कानापर्यंत लाल झाला. "नुसतं बघत होतो यार. सकाळपासून कुणालाच आत जाता येत नाहीये. सगळं कोसळलंय त्यांचं. सांगितलं होतं ना, अर्धवट आहे!"

"मग रांगेत कशाला उभा आहेस?"

तेवढ्यात पाटी नाहीशी झाली आणि बंदर दिसलं. तेच बंदर. दगड नवे होते, आकाश जास्त निळं होतं, समुद्र काचेसारखा गोठलेला होता, आणि धक्क्यावर शेकडो माणसं जिकडेतिकडे धडपडत होती. कुणी भिंतीत कमरेपर्यंत अडकलं होतं. सगळे एकमेकांना विचारत होते, गाव कुठे आहे? रस्ता कुठला? आणि कुणालाही माहीत नव्हतं. तिघं एकाच पडद्यात डोकी घालून बसले. श्वेताने दोघांच्या खांद्यांवर हात टाकले.

"ह्यो खंयचो गाव रे?"

तिघं दचकले. दादूकाका जागे होऊन, उघड्या अंगाने, पाठीला सिमेंटची पूड घेऊन त्यांच्या मागे उभे होते आणि डोळे बारीक करून पडद्याकडे बघत होते.

"काका, हे... एक शहर आहे," सर्वेश म्हणाला. "अजून बांधतायत. आम्ही तिथे जायचं म्हणत होतो."

दादूकाकांनी बराच वेळ निरखून बघितलं. हवेत संपणारा जिना बघितला. भिंतीत अडकलेला माणूस बघितला. मग त्यांनी निराशेने मान हलवली.

"खुळे काय रे तुमी? अर्धवट जागेत कोणी ऱ्हवाक जातत? पुरो होवंदे आधी," ते म्हणाले, आणि जांभई देत परत आपल्या लादीवर जाऊन, सदऱ्याची उशी ठीकठाक करून, झाडाकडे तोंड करून झोपले.